सोमवारचा पाहुणा

दर सोमवारी पांढरी गाडी ग्वाटेमालातल्या एका तळ्याकाठच्या शाळेपुढे नवे परदेशी पाहुणे उतरवायची. गरिबांच्या पोरांना आठवडाभर इंग्रजी शिकवायचं, ही त्यांची हौस. आणि शिकवायचे ते दर वेळी रंगच. एकदा पोरांनी पहिल्याच तासाला सगळे रंग धडाधड सांगून टाकले, तर पाहुणी बिचारी रडकुंडीला आली. तेव्हा इक्सबालान बाईंनी वर्गाला बजावलं, "माणसं एवढ्या लांबून येतात रे. सोमवारी काही येत नाही म्हणायचं, शुक्रवारपर्यंत शिकायचं. पाहुण्याचं मन मोडू नये."

"आणि शुक्रवारी टाळ्या वाजवायच्या ना, बाई?" निकोलासाने विचारलं. वर्गात तीच सगळ्यात तल्लख.

यंदा शिक्षणखात्याने फर्मान काढलं: साहेब न कळवता येईल, पोरांचं इंग्रजी तपासेल, आणि त्याच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी टिकेल किंवा जाईल. तेव्हापासून बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुत्रं भुंकलं तरी त्या दाराशी धावायच्या. पोरांकडून रोज रंग, फळं, आकडे घोटून घ्यायच्या.

अखेर साहेब आला. गोरा, उंच, पांढऱ्या गाडीतून; आणि नेमका सोमवारी. त्याने निळी वही उंच धरून इंग्रजीत विचारलं, "हा रंग कोणता?"

बाईंनी मोठ्या आशेने निकोलासाकडे बघितलं. तिने समजून मान डोलावली आणि उभी राहिली.

"आम्हांला कुणी शिकवलंच नाही, साहेब."