सात फूट मागं

यल्लाप्पा मोजणीदारानं टेपचं एक टोक रस्त्याच्या काठावर दगडाखाली दाबलं, दुसरं भावकूच्या नव्या घराच्या भिंतीला लावलं आणि आकडा दोनदा वाचला. तेहतीस.

"चाळीस पायजे," तो म्हणाला. "सात फूट कमी."

जांबोटीच्या पुढच्या त्या डोंगरवाडीत सकाळपासून भावकूच्या दारात घरभरणीची गर्दी होती. घर कालच उभं राहिलेलं, तेही एका दिवसात. धरणाचं काम संपल्यावर तिथल्या कामगारांच्या खोल्या लिलावात निघाल्या. लोखंडी सांगाडा, सिमेंटचे पत्रे, सगळं बोल्टांनी जोडलेलं. भावकू तिथंच फिटर होता. त्यानं एक खोली बोलीत घेतली, सुटी करून ट्रकातून आणली आणि खानापूरच्या कचेरीत नकाशासकट अर्ज दिला. उत्तर यायला तीन महिने लागले. ते आज आलं, टेप घेऊन, बरोबर जेवणाच्या वेळेला.

"मी चाळीसच मोजल्यात," भावकू म्हणाला.

"कुठनं?"

"रस्त्याच्या मधनं."

"कायद्यात काठापास्नं हाय. अर्धा रस्ता तुझ्या वाटणीला आलाय काय?"

लोक हसले. भावकू हसला नाही. पुढचं यल्लाप्पानं आवाज उतरवून सांगितलं, कारण पुरणाचा वास त्यालाही आला होता. परवानगी मिळणार नाही. उद्या नोटीस निघेल, महिन्यात घर काढावं लागेल.

आत राजाबाईनं ते ऐकलं. अकरा वर्षं ती थोरल्या जावेच्या घरात, जावेच्या चुलीवर, जावेला भूक लागेल तेव्हा रांधत आली होती. आज दारालगत आतल्या बाजूला तीन दगड मांडून तिनं स्वतःची चूल पेटवली होती आणि उतू घालायला दूध ठेवलं होतं.

"बोल्ट खोला," ती आतून म्हणाली. "आणि घर उचला."

"पालखी हाय व्हय उचलायला?" गर्दीतले वयस्कर मारुतीराव म्हणाले. "पालखीत देव असतोय. हितं कोण हाय?"

"मी हाय."

"तू आधी भाईर ये, बाई."

"न्हाय. दिवा घेऊन आत आलीया. दिवस मावळायच्या आत घर मोकळं सोडायचं नसतंय. तुम्ही चाला, मीबी आतनं चालते."

भावकूनं यल्लाप्पाकडं बघितलं. यल्लाप्पानं आपल्या कागदाकडं बघितलं. घर चालवू नये असं त्यात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

पान्हे आले. सांगाडा जमिनीशी जखडणारे सोळा बोल्ट सुटले. अठ्ठावीस गडी चारी बाजूंनी वाकले. त्यांतले वीस खरे. पाच जण पंगतीतला हक्क पक्का करायला हात लावून उभे, दोघे एकमेकांना जागा दाखवत, आणि मारुतीराव ओरडायला. रस्त्याकडचा कोपरा सगळ्यांत जड. तिथं कुणी जाईना. मग भावकूचा थोरला भाऊ परशराम तिथं गेला. तीन महिने या घराला तो पत्र्याचा डबा म्हणत होता.

"डबा उचलायला आलास, अण्णा?" भावकू म्हणाला.

"गप. ताकद बोलण्यात घालवू नको."

घर उठलं. गुडघाभर उठलं आणि मागं निघालं. उघड्या दारातून राजाबाई दिसत होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा, भिंती चालतील तशी पावलं टाकत. यल्लाप्पा टेप सोडत पुढं झाला आणि मोठ्यानं फूट मोजू लागला. चौथ्या फुटाला त्याचा आवाज मारुतीरावांच्या वर गेला.

दाराला उंबरा नव्हता. धरणावरच्या खोल्यांना कोण उंबरे घालतंय? त्यामुळं घर मागं सरलं, चूल जागच्या जागी राहिली, आणि पेटलेली, पातेल्यासकट, दारातून अलगद बाहेर आली. भिंती खाली टेकल्या तेव्हा ती उघड्यावर होती. कुणाचं लक्ष नव्हतं. दूध फुगलं आणि चारी अंगांनी उतू गेलं.

यल्लाप्पानं पुन्हा मोजलं. साडेचाळीस. परशरामच्या पाठीवर कागद ठेवून त्यानं सही केली, खाली तारीख घातली, आणि पंगत कुठं बसणार ते विचारलं.

थोरली जाऊ अंबुबाई मात्र पातेल्यापाशी उभी होती. तिला बोलायला जागा सापडली होती.

"दूध घराभाईर उतू गेलं गं, राजा. बरं न्हवं ते."

राजाबाईनं दिवा आतल्या भिंतीपाशी ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली. वाफाळणारी माती, तीन दगड, आणि तिथून रस्त्यापर्यंतची मोकळी जागा तिनं डोळे भरून बघितली.

"घराभाईर न्हाय, आक्का," ती म्हणाली. "माझ्या अंगणात."