हेरंबसरांचा पोकर क्लास

रविवारी दुपारी हेरंब लोंढे ऑनलाइन पोकरच्या स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्या क्लासचे दोनशे विद्यार्थी घरबसल्या त्याचा खेळ पाहत होते. "पानं वाईट आली की गपचूप सोडून द्यायची. चिडलात की संपलात!" तो कॅमेऱ्यात पाहून बजावत होता.

नेमकं सुलभा काकडे नावाच्या बाईंनी त्याला लागोपाठ तीनदा हरवलं. तिसऱ्यांदा तर त्यानं पानं सोडल्यावर बाईंनी आपली उघडून दाखवली; हातात काहीच नव्हतं, नुसती थाप होती. हेरंबची कानशिलं तापली. पुढच्या डावात फालतू पानांवर त्यानं होतं नव्हतं ते सगळं लावलं आणि तो स्पर्धेतून बाहेर पडला.

"बाई, कुठं शिकलात?" त्यानं कसनुसं हसत चॅटवर विचारलं.

"तुमच्याकडेच, सर. पहिला तास फुकट होता, तेवढाच केला. पुढं घरच्या रगाड्यात सवड मिळाली नाही."

दोनशेच्या दोनशे जणांनी ते वाचलं. धरणीनं पोटात घ्यावं, असं हेरंबला झालं.

संध्याकाळी सुलभाबाईंनी स्पर्धा जिंकली. दुसऱ्या दिवशी क्लासची नवी जाहिरात झळकली: 'आमची विद्यार्थिनी स्पर्धेत पहिली!'

फोटो हेरंबचा होता.