ॲल्डन प्रॅट घरी असतात

"आला बघ तुझा पाहुणा," खिडकीतून खाली वाकून डॉम म्हणाला.

हायमी ग्लिकच्या हातातला ब्रश थांबला. आठवडाभर हाच माणूस इमारतीच्या दाराशी उभा असायचा आणि लिफ्टवाल्याला विचारायचा, 'ब्लू मेसन' कोण काढतं?

'मॅमथ कॉमिक्स'मध्ये दर महिन्याला दहा सेंटांत सहा वीर मिळत. त्यातला निळ्या मुखवट्याचा गवंडी, ब्लू मेसन, हायमीचा. जानेवारीत त्यानं मुखपृष्ठावर बर्लिनच्या हुकूमशहाला मिशी धरून फरपटत नेलं. अंक हातोहात खपला. पण त्या हुकूमशहाचे भक्त न्यूयॉर्कातही कमी नव्हते. ऑफिसात फोन येऊ लागले. 'ज्या हातानं काढलंस, तो हात राहणार नाही.'

हायमीची पाचावर धारण बसली.

"घाबरतोस काय!" डॉम म्हणाला. चित्रांतली अक्षरं तो लिहायचा. "पानावर तुझं नाव कुठाय?"

खरंच नव्हतं. ग्लिक नावाच्या ज्यू पोराची सही पानावर शोभत नाही, असं मालकाचं मत. त्यानं डोळे मिटून फोनच्या पुस्तकावर बोट ठेवलं आणि ॲल्डन प्रॅट जन्माला आला. काम रखडलं की सगळे त्याच्या नावानं खडे फोडत. "प्रॅटसाहेब आज पुन्हा उलथले वाटतं कुठंतरी!"

फोन सुरू झाल्यावर मात्र हायमीला त्या नावाचा फार आधार वाटू लागला. "ते प्रॅटसाहेबांचं काम," तो फोनवर सांगायचा. "ते इथं येत नाहीत. घरीच बसून काढतात." सांगून झालं की त्याला जरा हलकं वाटायचं.

दुपारी जेवायला तो मागच्या जिन्यानं उतरला. खालच्या वळणावर तोच माणूस उभा होता. बुटका, पन्नाशीचा, उजवा हात ओव्हरकोटच्या खिशात.

"वरच्या ऑफिसातले का तुम्ही?"

"मी... मी नुसती शाई भरतो, साहेब."

"मग ब्लू मेसन कोण काढतं?"

खिशातल्या हातावरून हायमीची नजर हलेना. "ॲल्डन प्रॅट! सगळं त्यांचंच डोकं. मला सोडा, घरी म्हातारी आई आहे माझी."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

"पाहिलंय ना. उंच, धिप्पाड गडी. त्यांच्या घरी जा, साहेब. घरीच भेटतील ते."

माणूस रागावलेला दिसत नव्हता. दमलेला दिसत होता.

मग त्यानं खिशातून हात काढला. हायमीनं डोळे गच्च मिटले. काहीच झालं नाही, तेव्हा हळूच उघडले. त्या हातात पिस्तूल नव्हतं. धरायला बोटंच नव्हती. मनगटापर्यंत नुसतं बँडेज होतं.

"घरी पार्सल आलं होतं," तो हळू आवाजात म्हणाला. "वर माझंच नाव होतं, म्हणून उघडलं. मी ॲल्डन प्रॅट."