हललेले फोटो

"हा कॅमेराच खराब निघालाय. परत देऊन या," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. नवा कॅमेरा तिचा, पक्षी तिचे. कॉम्प्युटरवर फोटो लावून ठेवायचं काम मात्र माझं.

आज मी ते पक्ष्यांच्या नावांऐवजी तारखेप्रमाणे लावले. दिवाळीतला खंड्या लख्ख होता, चोचीतला मासासुद्धा दिसत होता. संक्रांतीचे फोटो थोडे हललेले. होळीनंतरचे सगळेच हललेले, अगदी फांदीवर गप्प बसलेलं घुबडही. शिकताना माणसाचा हात बसत जातो. हिचं उलटं चाललं होतं.

"अहो, चहा."

कप अर्धाच भरलेला होता. महिनाभर मी त्यावरून कुरकुर करत होतो. आज बशीत वाजणारा कप ऐकू आला.

"कॅमेरा ठीक आहे," मी म्हणालो. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"कोणासाठी?" तिने विचारलं आणि हात पदराखाली घेतला.