फोटोत राहिलेला हात

"ह्यो हात माझा हाय," सरुबाई म्हणाली आणि तिनं कॉम्प्युटरच्या काचेवर बोट टेकवलं.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या त्या सायबर कॅफेचा मालक आदेश खुर्चीतून अर्धा उठला. "आजी, काचेला हात लावू नका." सरुबाईनं बोट काढलं नाही.

शेजारी तिची नात हिरा अंग चोरून बसली होती. आजीला आणे गावाहून एसटीनं तिनंच आणलं होतं आणि आता तिला त्याचा पुरता पस्तावा होत होता. फोटोही तिनंच काढलेला. मेंढरांपुढं उकिडवी बसलेली सरुबाई आणि तिला चिकटून कारभारी. कारभारी म्हणजे कुत्रा. घरचा कारभार खरा तोच बघतो, असं सरुबाईचा नवरा यमाजी स्वतःच सांगायचा, त्यामुळं नावावरून कधी भांडण झालं नाही. हिरानं कौतुकानं फोटो ऑर्कुटवरच्या आपल्या अल्बममध्ये लावला. महिन्याभरानं तोच फोटो तिथल्या कुत्रा पाळणाऱ्यांच्या कम्युनिटीत दिसला, पुण्याच्या कुणा अमृतच्या नावावर.

फोटो कापलेला होता. मेंढरं गेली, सरुबाई गेली. कुत्र्याच्या मानेवर ठेवलेला एक हात तेवढा राहिला होता, कारण तो काढायचा तर मानही जात होती.

"काय लिवलंय त्यानं? परत वाच."

हिरानं हळू आवाजात वाचलं, "'हा माझा रॉकी. रोज सकाळी सहाला मला उठवतो.'"

"रोज उठवतो?" सरुबाईचा आवाज चढला. "माझा कारभारी म्हाळुंग्याच्या शिवारात पुरलाय. बिबट्या मेंढरांत शिरला तवा त्योच आडवा गेला. माती म्या माझ्या हातानं लोटली. आन् ह्याला रोज उठवतोय व्हय?"

पलीकडच्या टेबलावरचे दोघं आपलं काम सोडून बघायला लागले.

आदेशनं समजुतीचा सूर लावला. "आजी, नेटवर टाकलं की ते सगळ्यांचं होतं. आवडलं की लोक उचलतात. उलट तुमचा कुत्रा फेमस झाला की राव!"

"पावणं, चुकलेलं मेंढरू तुमच्या कळपात शिरलं तर काय करता?"

"माझ्याकडं मेंढरं नाहीत."

"नसू द्या. आमी कान बघतो. कानाला ज्याची खूण, त्येला सांगावा धाडतो. तवर चारतो, पाजतो, पर आपलं म्हनत न्हाई. आपलं म्हननारा आधी कान कातरतो, खूण घालवतो. त्येला आमच्यात काय म्हनत्यात, ते पोरीसमोर सांगत न्हाई." तिनं काचेवर पुन्हा बोट आपटलं. "ह्यानं मला कातरली."



"आजे, जाऊ दे ना," हिरा पुटपुटली. "कम्युनिटी त्याचीच हाय. मला काढून टाकील." कॉलेजात हिराला कुणी विचारत नव्हतं. पण त्या कम्युनिटीत कुणाचं पिल्लू खाईना झालं की लोक तिचं नाव घेऊन सल्ला मागायचे. एवढी एकच जागा होती जिथं तिचा शब्द चालायचा.

"काढंना! जितं आपली खूण कातरत्यात, तितं ऱ्हाऊन काय चरायचंय? लिव. ह्या कुत्र्याचं नाव कारभारी. मालकीण सरुबाई, मुक्काम आणे. न इचारता नेलात, त्येचं एक येळ सोडून देते. कापलंत, ते सोडनार न्हाई. आक्खा फोटू लावा आन् खाली त्येचं नाव लिवा."

हिरा टाइप करत राहिली.

"मधी काय घातलंस?"

"काय नाय."

"म्या थांबले, तुजी बोटं थांबली न्हाईत."

"कृपया," हिरा म्हणाली.

"काढ त्ये."

हिरानं 'कृपया' काढलं, सोबत अख्खा फोटो लावला आणि डोळे मिटून बटण दाबलं. अमृत तिकडं बसलेलाच होता. उत्तर लगेच आलं. 'असे फोटो कॉम्प्युटरवर जोडता येतात. दुसरा पुरावा आहे का? नसेल तर लिहिलेलं पाच मिनिटांत काढा, नाहीतर मी तुम्हाला काढतो.'

हिराचा चेहरा उतरला. सरुबाईनं मात्र ते ऐकून पदर खोचला. तिला अक्षरओळख नव्हती, पण खुणा ओळखण्यात तिला कुणी फसवू शकत नव्हतं. तिनं मान पुढं करून फोटोतला हात नीट न्याहाळला. मनगटावर तुळस गोंदलेली, अंगठ्याच्या मुळाशी तीन ठिपके. मग तिनं बांगड्या मागं सारल्या आणि आपला हात काचेशेजारी धरला. तीच तुळस, तेच तीन ठिपके.

"ह्यो बी जोडलाय म्हनावं का?"

आदेश उठला. पलीकडच्या टेबलावरचा छोटा कॅमेरा काढून त्यानं हिराच्या कॉम्प्युटरला लावला आणि वायर खोचताना म्हणाला, "हिरा, कारभारीचं नाव मोठ्या अक्षरात लिही."

कॅमेरा सुरू झाला. सरुबाईनं हात पुढं केला, पण बोटं वाकलेली होती, पंजा खाली झुकलेला.

"आजी, असा वाकडा नको. सरळ धरा, गोंदण नीट येईल."

सरुबाईनं हात हलवला नाही.

"सरळ कसा धरू, पावणं? खाली त्येची मान हाय."