पॉइंटवरची खोली

आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी मुलाने आलिशान हॉटेल शोधलं. "क्रेडिट कार्डावर जमलेल्या पॉइंटवर खोली फुकट मिळेल, पण कार्ड माझं असल्याने मलाही तिथे यावं लागेल. थेट बुकिंगला ती भानगड नाही, फक्त पैसे जातात," तो फोनवर म्हणाला.

"पैसे कशाला उधळायचे? पॉइंटच वापर!" बाबांनी घाईघाईने निकाल दिला.

फोन ठेवताच आई हसली. "तुम्ही कधीपासून एवढे चिक्कू झालात हो?"

"लेक घरी फिरकेनासा झाला, तेव्हापासून."

आईने बॅगेत पत्त्यांचा जोड टाकला. "असू दे. तिघांत डाव चांगला रंगतो."

संध्याकाळी मुलाचा पुन्हा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.



"बाबा, तुमच्यापुढे पैशांचं काय! थेट बुकिंग करून टाकलंय. आता मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही!"