चौदा पत्रं

"फाइल मला द्या जी," इंदूबाई म्हणाल्या.

"राहू दे. मागच्या खेपेला सगळे कागद जिन्यावर सांडले होते." रामरावांनी फाइल छातीशी घट्ट धरली.

दारावरच्या जवानाने त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. रामराव गडबडले, कशीबशी मान हलवली. इंदूबाई पदराआड हसल्या.

मेडिकल बोर्डापुढची ही तिसरी आणि शेवटची खेप. वाळवंटातल्या लष्करी तळावर जुना दारूगोळा जाळत, दिवसभर धूर असे. तिथून परतल्यापासून हातांची थरथर, अंगावर चट्टे, झोपेचं खोबरं. पहिल्या बोर्डाने ते वयावर ढकललं, दुसऱ्याने मनावर. पेन्शनीचं रामरावांना काही नव्हतं. पण गढा मोहल्ल्यातले शेजारी, त्यांचा सख्खा भाऊसुद्धा, या दुखण्याला सोंग म्हणायचे. ते जिव्हारी लागलं होतं.

बाकावर शेजारी बसलेले म्हातारे हवालदार श्रीरंग म्हणाले, "साहेब, इतकी चिंता काहून करून राहिले? तब्येत आणखी बिघडंल नं."

"वीस वर्षं झाली भाऊ. आज फैसला आहे."

"फैसला काही होवो," इंदूबाई म्हणाल्या, "बड्या फुहाऱ्याच्या चौकात खोव्याची जलेबी खाल्ल्याशिवाय मी काही घरी येत नाही."

नंबर पुकारला. दोघं आत गेले. रामरावांनी या वेळी तळावरून घरी आलेली चौदा पत्रं फाइलला लावली होती. नवरा-बायकोतली पत्रं परक्यांना कशी दाखवायची, या लाजेपायी ती आजवर ट्रंकेतच राहिली होती.

अध्यक्षांनी पत्रं तारखेप्रमाणे टेबलावर मांडली. एका ठिकाणी ते गालात हसले, तेव्हा रामरावांचे कान लाल झाले. पहिल्या दोन पत्रांत मोत्यासारखं अक्षर. तिसऱ्यापासून ओळी डगमगू लागल्या, आणि चौदाव्यात सहीसुद्धा ओळखू येईना.

अध्यक्षांनी ते शेवटचं पत्र बाकीच्या दोन डॉक्टरांपुढे सरकवलं.

"हाथ तो वहीं पर काँपने लगे थे," अध्यक्ष म्हणाले. "बीमारी ड्यूटी की ही है. अब बहस कैसी?"

त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली, शिक्का मारला. रामरावांना फार आनंद झाला. डोळे भरून आले.

"ये चिट्ठियाँ इतने साल सँभालीं किसने?" अध्यक्षांनी विचारलं.

"मैंने, सर," रामराव लाजत म्हणाले, आणि मेजर इंदूबाईंनी थरथरता हात पुढे करून आपला कागद घेतला.